मागच्या सीटवरून

मंगळवार, ३ फेब्रुवारी

पाठ! दिवसभर एकच पाठ. निळं जॅकेट, त्याच्या मधोमध घामाचा डाग, वर हेल्मेट आणि त्यातून बाहेर आलेली टीचभर वेणी. माणसानं माणसाची पाठ किती वेळ बघायची? माझी सहनशक्ती दुपारच्या आधीच संपली.

त्यात मी उंच, ती बुटकी. तिच्या डोक्यावरून मला पुढचा सगळा रस्ता दिसतो. खड्डा तिच्याआधी मला दिसतो. आणि हँडल? तिच्याकडे! माझ्या पुढ्यात जे हँडल आहे ते नुसतं धरायला दिलेलं. हलवलं तरी हलत नाही. इतकी वर्षं मी शाळेची बस चालवतेय. मागे कार्टी बोंबलत असतात, मी आरशातून एकदा बघितलं की चिडीचूप. तीच मी आज मागे बसून बोंबलतेय — "खड्डा! अगं खड्डा! डावीकडे घे!" आणि पुढून थंड आवाजात उत्तर — "दिसला गं, शिडे."

शिडी हे माझं शाळेतलं नाव. तिचं बुटकी. एका बाकावर बसायचो. पुढे हिनं माझ्या दादाशीच लग्न केलं आणि आईनं मला बजावलं, आता तिला वहिनी म्हणायचं. महिनाभर म्हटलं. दोघींनाही हसू आवरेना, मग दिलं सोडून. आता फक्त भांडताना म्हणते. वहिनी, आणि वर तुम्ही. तिला बरोबर कळतं मग.

सायकल दादाची. जोडसायकल — सीट दोन, हँडलं दोन, पेडलच्या जोड्या दोन, पण साखळीनं एकमेकींना बांधलेल्या. एकीचे पाय फिरले की दुसरीचे फिरणारच. एकीनं थांबवले की दोघी थांबल्या. दादा पुढे, ती मागे, असे दोघं सुट्टीच्या दिवशी निघायचे. समुद्रापर्यंत जायचं, पार टोकाच्या दीपगृहापाशी, असं दादानं नकाशावर लाल पेननं आखून ठेवलं होतं. जाऊ जाऊ म्हणता दादाच गेला. दोन वर्षं झाली.

गेल्या महिन्यात ही नकाशा घेऊन आली. "चल, आपण दोघी जाऊ." मी लगेच हो म्हटलं. दादासाठी. पण पुढे मी बसणार हे मी धरूनच चालले होते! तर आई मध्ये पडली. "तिला बसू दे पुढे. तू मागे बस." का म्हणून? "बस म्हणते ना!" आई बुटकीकडेच राहते, पहिल्यापासून. त्यामुळे सुनेची बाजू घ्यायची तिला सवयच लागलीय. मी मूग गिळून गप्प बसले. आता रविवारपर्यंत भोगा!

बूड सुजलंय. पालथं पडून लिहितेय.

बुधवार, ४ फेब्रुवारी

वारा समोरून. ती पुढे आहे म्हणून वारा तिला लागतो आणि मला कमी लागतो, हे ती दोनदा ऐकवून झाली. मी म्हटलं, मग बदल ना जागा! तर नाही. "आईंनी सांगितलंय." सासूबाईंची एवढी आज्ञाधारक सून जगात दुसरी नसेल.

आणि तो फोन! जिथे थांबू तिथे फोन. भिंतीच्या आडोशाला जाऊन कुजबुज, मध्येच हसणं. मी जवळ गेले की बंद. शेवटी विचारलंच, कोण होतं? म्हणे, "दवाखाना." कसला? "दाताचा." दात दुखत होता तर निघण्याआधी बघायचा होता! वाटेत दाढ ठणकायला लागली तर मी काय करणार, स्पॅनरनं उपटू?

संध्याकाळी आईचा फोन. शेजारच्या मावशी सोबतीला येऊन झोपतात, सगळं ठीक आहे. मग एकदम, "काही बोलली का ती?" कशाबद्दल? "काही नाही. जेवलात का?"

या घरात सगळ्यांचं डोकं फिरलंय, माझं सोडून.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

दात दुखत नाहीये!

क्रमानं लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी कालव्याच्या काठचा रस्ता होता. सपाट, सरळ, चिटपाखरू नाही. दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं. दोघींचे पाय छान लयीत पडत होते. मी चक्क खूश होते! आणि पुढून ती म्हणाली, मागे न वळता, "शिडे, एक सांगायचंय. पाय थांबवू नकोस."

मला वाटलं पंक्चर.

"मी लग्न करतेय."

माझे पाय थांबले. सायकल हेलपाटली. "पाय! पाय फिरव, कालव्यात जाऊ!" आणि मी फिरवले! हाच तर अपमान आहे. माणसाला धक्का बसला तर निदान थांबायला तरी मिळावं. घरात असते तर मी उठले असते, दार आपटलं असतं, तरातरा जिना उतरले असते आणि दोन महिने कुणाला तोंड दाखवलं नसतं. माझी पद्धतच ती आहे, सगळ्यांना माहीत आहे. इथे जाणार कुठे? पाय पेडलला पट्ट्यांनी अडकवलेले, एका बाजूला पाणी, समोर तिची पाठ. पाठीवर ओरडत बसले.

कोणाशी? "डॉक्टरांशी." कोण डॉक्टर? "आपले. दातांचे."

आपले! ज्यानं दादाच्या अक्कलदाढा काढल्या तो! दादा गालात कापूस कोंबून घरी आला होता, अर्धं तोंड सुजून भोपळा झालेलं, आणि त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. मी स्वतः ऐकलंय. दादानं ज्याला इतक्या शिव्या घातल्या, त्याच्याशी लग्न? तर म्हणे, "शिव्या सूज उतरेपर्यंतच घातल्या. नंतर दोघं दर बुधवारी बुद्धिबळ खेळायचे." हे मला कधीच कुणी सांगितलं नाही. दादानंही नाही. का नाही सांगितलं? मी कोण होते, भाडेकरू?

मग सगळं एकेक बाहेर आलं. दातवाल्यानं इथला दवाखाना विकलाय. आपल्या गावी परत जातोय, देशाच्या दुसऱ्या टोकाला. ही पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातून बदली मागून त्याच्यामागे. बदली मंजूर! म्हणजे कधीपासून चाललंय हे? "बैठं घर आहे गं. एकही पायरी नाही," असं कौतुकानं सांगत होती. पायरी नाही! मी म्हटलं, "अभिनंदन! तुमचे पाय मोडलेत का वहिनी, पायऱ्या मोजायला?"

वहिनी म्हटल्याबरोबर तिची मान एवढीशी खाली गेली. पाठीवरून सुद्धा कळलं.

आणि मग मी विचारलं. जे विचारायलाच हवं होतं ते. "आणि आई?"

तिनं गिअर बदलला.

"आईचं काय करणार आहात, वहिनी?"

"आईंचं ठरलंय."

"काय ठरलंय? कुणी ठरवलं?"

"ते आई सांगतील. मी नाही सांगणार."

आई सांगतील! पंच्याहत्तरीची बाई, गुडघे गेलेले, हात थरथरतात, तिनं सांगायचं की मला कुठे टाकतायत ते! मला काही सांगायची गरज नाही, मला कळतं. शहराबाहेर ते पिवळ्या भिंतींचं घर आहे. माझी बस रोज तिथून जाते. बाकावर ओळीनं म्हातारी माणसं बसलेली असतात, सगळ्यांचं तोंड रस्त्याकडे. मुलं त्यांना हात करतात. काही जण उलट हात करतात, काही नुसते बघतात. तिथे माझी आई! आणि ही बैठ्या घरात संसार थाटणार!

बोलले तिला. जे जे तोंडाला आलं ते सगळं बोलले. स्वार्थी म्हटलं, साळसूद म्हटलं. दादाचे कपडे तरी कपाटातून काढलेत का, असं विचारलं. ती पायांची लय न मोडता चालवत राहिली. एकाही गोष्टीला उत्तर नाही. समोरच्यानं उत्तर दिलं की भांडण पुढे जातं. नाही दिलं की आपलंच बोलणं आपल्या अंगावर येतं. तिळपापड झाला माझ्या अंगाचा!

जेवण झालं. ब्रेड, उकडलेली अंडी, केळी. आणि जेवणानंतर घाट.

घाटात मी एक केलं. पाय फिरवले, पण नुसते फिरवले. जोर काढून घेतला. साखळीबरोबर पाय आपोआप फिरतात, बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही. पुढची बाई दोघींचं वजन ओढत असते. ओढ म्हटलं! जायचंय ना दातवाल्याकडे, जा ओढत. माझं वजन तिच्या दीडपट आहे. वर सामानाच्या पिशव्या. अर्ध्या घाटात तिची पाठ भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. एका हातानं जॅकेटची चेन उघडली. वळण आलं, दुसरं आलं. एकदाच म्हणाली, "बरी आहेस ना?" मी म्हटलं, "उत्तम."

माथ्यावर पोचल्यावर तिनं हँडलवर डोकं टेकलं आणि बराच वेळ तशीच राहिली. मला बरं वाटलं. इथे कोण वाचणार आहे, खरं लिहायला काय जातंय — बरं वाटलं.

आता या लॉजवर आहोत आणि खोलीत पलंग एकच! मालकीणबाई म्हणाल्या, "बहिणी बहिणी ना?" दोघी एकदमच "नाही" म्हणालो. ती भिंतीकडे तोंड करून झोपलीय. परत पाठच!

मघाशी आईचा फोन येऊन गेला. "काही बोलली का ती?" मी म्हटलं, नाही, कुठे काय. "तू चिडली नाहीस ना?" मी कशाला चिडू? सगळं मजेत चाललंय. आई "बरं" म्हणाली. आवाजात काळजी. म्हणजे तिला कुणकुण लागलीय, बिचारीला. मी फोनवर काही सांगणार नाही. एकटी आहे, धक्का बसेल.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी. सकाळी

ती न्याहारीला खाली गेलीय. मला तिच्यासमोर बसून खायचं नाही.

नवऱ्याला फोन केला. सगळं सांगितलं. तो आधी म्हणाला, "अरे वा, डॉक्टर भला माणूस आहे." याला काय म्हणावं! मग म्हणाला, "म्हणजे आई आपल्याकडे येतील?" मी म्हटलं, अर्थात! त्यावर दोन क्षण काहीच नाही. मग, "हो, हो, येऊ देत की." ते दोन क्षण मी विसरणार नाही.

पण मग मीच हिशेब करत बसले. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. एकदा वर आली की आई खाली उतरायची नाही. माझी बस उजाडायच्या आत निघते, नवऱ्याची पाळी बदलती. दिवसभर एकटी. सगळं खरं. तरीही! आई माझी आहे. ती माझ्याकडे येणार, पिवळ्या भिंतींच्या घरात नाही. नोकरी सोडावी लागली तर सोडीन.

आणि जमेल. का नाही जमणार? मागच्या वर्षी बुटकी ट्रेनिंगला गेली होती तेव्हा महिनाभर आई माझ्याकडेच होती की. किती शिस्तीत राहिली! वेळेवर चहा, वेळेवर गोळ्या. महिनाभरात हातून एक कप फुटला नाही. बुटकीकडे रोज काहीतरी सांडतं, फुटतं, आणि दोघी हसत बसतात! हसतात! हात थरथरतात म्हणून काय झालं, समोरच्यानं जरा लक्ष ठेवलं, जरा धाक ठेवला, की सगळं नीट होतं. माझ्या घरातल्या वस्तू हरवतात त्या नवऱ्यामुळे. सहा कपांचा सेट होता, तीन उरलेत. ऑफिसात नेतो आणि तिथेच विसरतो. विचारलं की देवाशपथ नाही म्हणतो. वर्ष झालं, अजून कबूल करत नाही.

खालून हाक आली. "शिडे, अंडं गार होतंय."

होऊ दे.

शुक्रवार. संध्याकाळी

पडलो.

मी धड आहे. गुडघा सोलवटलाय, बाकी काही नाही. तिचं डावं मनगट. मोडलेलं नाही, पण सुजून टम्म झालंय. हात गळ्यात बांधलाय.

लिहिते. जोडसायकलवर दोन माणसांचं वजन असतं, त्यामुळे मोठ्या उतारावर नेहमीचे ब्रेक तापतात. म्हणून दादानं तिसरा ब्रेक बसवून घेतला होता. त्याची मूठ मागच्या हँडलवर. नियम त्याचाच. पुढच्यानं "धर" म्हटल्याशिवाय मागच्यानं धरायचा नाही, आणि धरला की हळूहळू. मागच्याला वळण कळत नाही, सायकल कुठे कलतेय ते कळत नाही, म्हणून. निघायच्या आधी बुटकीनं मला अंगणात दहा वेळा शिकवलं होतं.

उताराच्या वरच्या भागात तिनं "धर" म्हटलं, मी धरला. "सोड" म्हटलं, सोडला. राग आपल्या जागी, काम आपल्या जागी. मग रस्ता मोकळा झाला, समोर सगळं खोरं, वारा कानात. आणि ती ओरडली — "हुऽऽऽ!" मान मागे टाकून, शाळेच्या उतारावर ओरडायचो तशी. हसली!

हसली! काल माझ्या आईला वाऱ्यावर सोडल्याचं सांगून आज ही बाई हसते! मी ब्रेक करकचून ओढला.

कुणी मागितला नव्हता. मला माहीत होतं.

मागचं चाक खडीवर सरकलं आणि आम्ही दोघी रस्त्याकडेच्या गवतात. ती खाली, वर सायकल, सायकलवर मी. चाक फिरत होतं. मला पहिल्यांदा तिचा आवाज आला. "शिडे? शिडे, लागलं का तुला?" स्वतःचा हात वाकडा होऊन पडलाय आणि मला विचारतेय!

एका टेम्पोवाल्यानं आम्हाला सायकलसकट खालच्या दवाखान्यात आणून सोडलं. नर्सनं विचारलं, "कसं झालं?" मी तोंड उघडणार तोच ही म्हणाली, "कुत्रं आडवं आलं."

कुत्रं! कुठलं कुत्रं? नर्स म्हणाली, "हो, इकडे फार झालीत." आणि माझ्या गुडघ्याला औषध लावायला लागली. मी बसले तिथे स्टुलावर, लाल तोंड करून. मला तिचा कालच्यापेक्षा जास्त राग आला. मला सांभाळून घेतेय! तिला कुणी सांगितलंय मला सांभाळून घ्यायला? शिव्या दे ना! मार ना एक! तेही नाही. नुसती मनगटाकडे बघत बसली, आणि ओठ घट्ट मिटलेले. दुखत असणार.

बाहेर आल्यावर म्हटलं, "चला, रेल्वेनं परत जाऊ." म्हणाली, "नाही. दीपगृहापर्यंत जायचं." एका हातानं कशी चालवणार? "मी नाही. तू चालवणार."

जेवताना तिचा ब्रेड मी कापला. ती "थँक्यू" म्हणाली.

शनिवार, ७ फेब्रुवारी

आज मी पुढे.

लॉजच्या माणसाकडून पाना मागून सीट वर केली. निघाले तर पहिल्याच चौकात कुंपणात घातली! बस चालवणं वेगळं आणि हे वेगळं. मागे माणूस हलला की इकडे हँडल हलतं. तिनं नाक पुसलं तरी मला कळतं. मी दोनदा ओरडले, हलू नकोस! ती म्हणाली, "श्वास घेऊ का?"

हसू आलं होतं. गिळलं.

पण दुसरंच काहीतरी लिहायचंय. गावाबाहेर छोटासा चढ लागला. मी जोर लावला आणि पेडल एकदम हलकं झालं. मागून ती ढकलत होती. एक हात गळ्यात, एका हातानं हँडल धरून, पण पाय पूर्ण. पुढे कुठेतरी तिचं मनगट दुखलं असणार, कारण एका क्षणात ओझं आलं. नुसतं जड नाही, मागून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं. मग परत हलकं. मागच्याचा पाय सैल पडला की पुढच्याला कळतं. तेव्हाच्या तेव्हा कळतं. लपत नाही.

मग विचारलं, वळता येत नाही म्हणून रस्त्याकडे बघतच. "परवा घाटात —"

"हो."

"कधी कळलं?"

"पहिल्या वळणालाच."

"मग बोलली का नाहीस?"

"तू मागे होतीस ना. उतरून गेली नाहीस. तेवढं पुरे होतं मला."

असं बोलून ती समोरच्याच्या हातातलं सगळं काढून घेते. शाळेतही असंच करायची. पट्टी मोडली मी, मार खाल्ला हिनं, आणि वर मलाच विचारलं, रडतेस का?

तरी राग गेलेला नाही. हे नीट लिहून ठेवते, कारण उद्या समुद्र वगैरे बघून मी विरघळेन. लग्न करायचं तर कर. दादा गेला, तिनं काय जन्मभर त्याच्या फोटोसमोर बसायचं? एवढी मी जुनाट नाही. दातवाला तर दातवाला. पण आई! आईला आयत्या वेळी असं सोडायचं, वर ठरलंय म्हणायचं आणि काय ठरलंय ते सांगायचं नाही. याला माफी नाही. संध्याकाळी परत विचारलं. एकच उत्तर. "दीपगृहापाशी पोचलो की आईंना फोन कर. वाट बघतायत त्या."

"तुझ्यात सांगायची हिंमत नाही."

"नाही," म्हणाली. "नाहीये."

चला, एक तरी कबूल केलं! उद्या मी आईला फोन करणार आणि सांगणार, सामान भर, मी न्यायला येतेय. जिने मी तिला उचलून चढवीन. खिडकीजवळची खोली द्यायची, हॉस्टेलला गेलेल्या मुलाचं टेबल बाहेर काढायचं. सकाळचा चहा थर्मासमध्ये भरून ठेवायचा, म्हणजे तिला गॅसजवळ जायलाच नको. सगळं ठरवलंय मी. आणि बुटकीकडे बघणारही नाही.

रविवार, ८ फेब्रुवारी

पोचलो. दीपगृह दुरुस्तीसाठी बंद. दादा, बघ तुझं नियोजन!

आईला फोन केला. म्हटलं, घाबरू नकोस, मी आहे, तू सामान भरायला लाग.

"भरलंय," आई म्हणाली. "मी तिच्याबरोबर जातेय."

तीच बोलत राहिली. घरी सांगितलं असतं तर तू दार आपटून गेली असतीस. म्हणून मीच म्हटलं तिला, सायकलवर सांग, मागे बसव. तिचं ती सांगायला तयार होती, माझं सांगेना. म्हणाली, आई, ते तिला माझ्या तोंडून ऐकायला लागू नये.

मी विचारलं, माझ्याकडे काय कमी पडलं तुला?

आईनं तिकडे दार लोटून घेतल्याचं ऐकू आलं.

"तुझ्याकडे माझ्या हातून तीन कप फुटले गं. पिशवीत लपवून हिच्याकडे आणले. हिनं टाकून दिले."

बुटकी तिकडे कठड्यापाशी उभी आहे. पाठ माझ्याकडे. वळत नाहीये.